मदरबोर्ड बदलायचाय, पण विंडोज पुन्हा टाकायची नाही

अक्षरजुळणी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कराडात आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. वडिलांनी ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या (शिशाच्या अक्षरांच्या) केसेसवर सुरू केलेलं, आता मी सांभाळते. तुळशीची लग्नं आटोपली की पत्रिकांची रांग लागते. नेमकं याच आठवड्यात मुख्य मशीन बसलं. शनिवारी संध्याकाळी वीज दोनदा गेली-आली, त्यानंतर बटण दाबलं की पंखा दोन सेकंद फिरतो, थांबतो, परत फिरतो. पडद्यावर काहीच नाही.

मशीन २०१४ सालचं असेंबल्ड आहे: एच८१ बोर्ड, चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम. २०१९मध्ये २४० जीबीची एसएसडी बसवली, तेव्हा जुनी हार्डडिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवली होती. मुळात विंडोज ७ होती, २०१६मध्ये फुकट मिळत होती तेव्हा विंडोज १० केली.

गावातल्या दुरुस्तीवाल्यांनी बघून सांगितलं, बोर्ड गेलाय, नवीन मशीन घ्या आणि फॉरमॅट मारून द्या. नवीन घ्यायला माझी ना नाही. प्रश्न फॉरमॅटचा आहे. त्या डिस्कवर मराठी फाँटांची श्रीलिपी आहे, पानं जुळवायचा पेजमेकर ७ आहे, चित्रांसाठी कोरल आहे, हिशेबाची टॅली आहे. वीस वर्षांचं मॅटर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत आहे. नेमका तोच फाँट नसेल तर 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसत्या खुणा दिसतात. प्रत्येक प्रिंटरची सेटिंग, प्रत्येक कागदाचा समास हळूहळू बसवत आणलेला आहे. हे सगळं नव्याने उभं करायला महिना जाईल, आणि तो महिना आत्ता माझ्याकडे नाही.

डिस्क काढून नव्या बोर्डाला लावली तर विंडोज तशीच चालू होईल का? कुणी केलंय का हे?

खटपट्या | सोमवार, रात्री १०.१५

ताई, होतं. मी घरच्या आणि मित्रांच्या मशीनवर पाच-सहा वेळा केलंय. पण आधी बोर्ड खरंच गेलाय का ते बघू, कारण पंखा फिरून थांबणं हे एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) किंवा रॅमचंही लक्षण असतं.

रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने हलक्या हाताने घासा, सुक्या कापडाने पुसा, एकच कांडी लावून बघा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून दहा मिनिटांनी परत बसवा. दुसऱ्या चालत्या मशीनचा एसएमपीएस उसना घेऊन लावा, मोठी २४ पिनांची आणि प्रोसेसरजवळची ४ पिनांची अशा दोन्ही जोडण्या. प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर वरून फुगलेत का, टॉर्च मारून बघा. एवढं करूनही तसंच असेल तर बोर्ड गेला म्हणायचं.

आणि एक कळकळीची विनंती. ती एसएसडी आत्ताच कॅबिनेटमधून काढून घरी न्या. कुणाच्याही दुकानात मशीनसोबत ठेवू नका.

अक्षरजुळणी | मंगळवार, दुपारी १.०५

सगळं करून पाहिलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांचा एसएमपीएस लावला, तरी तेच. प्रोसेसरजवळचे दोन कपॅसिटर वरून फुगलेत, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग आहे. डिस्क काढून घरी कपाटात ठेवली.

सह्यकडा | मंगळवार, दुपारी १.३०

माझं मत वेगळं आहे. नवा बोर्ड म्हणजे नवी विंडोज, हेच बरं. जुन्या ड्रायव्हरांचा गाळ राहतो, मग कधीतरी मशीन अडकतं आणि कारण सापडत नाही. एकदाच दोन दिवस मोडा, स्वच्छ सुरुवात करा.

लॅमिंग्टनकर | मंगळवार, दुपारी ३.२०

सह्यकडा, तुमचं म्हणणं एक्सपीच्या काळात शंभर टक्के खरं होतं. मी तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असेंब्लीच्या धंद्यात होतो. एक्सपी बसताना त्या बोर्डाच्या आयडीई कंट्रोलरचाच, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपचाच, ड्रायव्हर धरून बसायची. दुसरा चिपसेट आला की निळा पडदा आणि खाली सेव्हन बी हा आकडा. म्हणजे, विंडोज ज्या डिस्कवर बसली आहे ती डिस्कच तिला सापडत नाही. त्यावर आमचा उपाय असा की बोर्ड काढायच्या आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई' करायचा, मशीन बंद करायचं, मगच पेचकस हातात घ्यायचा. हे विसरलं की सीडी घालून रिपेअर इन्स्टॉल. कित्येक रात्री त्यात गेल्या आहेत.

विंडोज ८पासून हे चित्र बदललं. आता साटा आणि एनव्हीएमई या डिस्क जोडायच्या दोन्ही पद्धतींचे सर्वसाधारण ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टचेच आत असतात, आणि नवा बोर्ड दिसला की पहिल्या सुरुवातीला विंडोज स्वतःच सगळी मोजदाद परत करते. घरच्या मशीनला 'स्वच्छ सुरुवात' हा सल्ला मीही देतो. ताईंच्या मशीनला नाही देणार. तिथे विंडोजपेक्षा तिच्यावर बसवलेलं काम मोलाचं आहे.

ताई, तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एच८१ चिपसेटचे नवे, कमी किमतीचे बोर्ड अजून बाजारात मिळतात. तुमचा प्रोसेसर आणि रॅम त्यावर बसेल, विंडोजला फार काही कळणारही नाही. दुसरी वाट पूर्ण नव्या पिढीची: एच६१० बोर्ड, आय३-१२१००, डीडीआर४ रॅम, आणि नवा एसएमपीएस. जुना एसएमपीएस परत वापरू नका, बोर्ड कशाने गेला ते आपल्याला ठाऊक नाही. दुसऱ्या वाटेत मात्र एक मोठा खड्डा आहे, तो खटपट्या नीट सांगतील.

खटपट्या | मंगळवार, रात्री ९.५०

खड्डा म्हणजे बूटची, म्हणजे मशीन डिस्कवरून सुरू होण्याची, पद्धत. ताई, तुमची विंडोज २०१४मध्ये विंडोज ७ म्हणून बसली, म्हणजे बहुधा जुन्या बायोस पद्धतीने, आणि डिस्कची मांडणी एमबीआर. नव्या बोर्डांना यूईएफआय पद्धत आणि जीपीटी मांडणी लागते. मधल्या काळातल्या बोर्डांत सीएसएम नावाची सोय होती, ती चालू केली की जुन्या पद्धतीची डिस्कही चालायची. इंटेलच्या ५०० मालिकेच्या चिपसेटपासून पुढे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ही सोय मिळत नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. म्हणजे एच६१०ला तुमची डिस्क लावली तर ती बायोसमध्ये दिसेल, पण बूटच्या यादीत येणारच नाही. लोक इथेच घाबरून फॉरमॅट मारतात.

उपाय विंडोजमध्येच आहे. २०१७च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी नावाची आज्ञा मिळते. ती फाइलींना हात न लावता मांडणी बदलते आणि बूटचा नवा भाग स्वतः तयार करते. अट एवढीच की डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत, आणि एक्सटेंडेड पार्टिशन अजिबात नको. शिवाय विंडोज ६४ बिट हवी. ३२ बिट असेल तर नव्या बोर्डावर ती उठणारच नाही, मग हा सगळा खटाटोप करू नका.

आता क्रम, आणि यात घाई नको. नवी ५०० जीबी एसएसडी घ्या. दुसऱ्या मशीनवर क्लोनझिला या मोफत प्रोग्रॅमने जुनीची हुबेहूब नक्कल तिच्यावर करा. नक्कल झाली की मूळ डिस्क लिफाफ्यात घालून तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. यापुढे जे करायचं ते नकलेवर. दोन्ही डिस्क एकाच मशीनला एकाच वेळी लावू नका, दोघींची सही एकच असल्याने विंडोज गोंधळते.

मग नक्कल नव्या बोर्डाला. विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह लावून त्यावरून मशीन उठवा. भाषा विचारणारा पडदा आला की तिथेच थांबा, शिफ्ट धरून एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. आधी त्या आज्ञेचा 'व्हॅलिडेट' पर्याय चालवा, तो काही बदलत नाही, फक्त तपासतो. तो पास झाला तरच 'कन्व्हर्ट'. डिस्क शून्य क्रमांकाची आहे ना, हे डिस्कपार्ट या आज्ञेच्या यादीत आकारावरून ताडून घ्या. मी एकदा भलत्याच डिस्कवर हात टाकता टाकता थांबलो आहे, म्हणून सांगतो.

नव्या बोर्डाचा लॅन आणि चिपसेटचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्या. लॅन नाही ओळखला तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

निळाई | बुधवार, सकाळी ८.१०

धागा वाचून राहवलं नाही. कृपया सगळ्यांनी आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, तपासा.

गेल्या वर्षी आमच्या लॅपटॉपचा बोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी डिस्कला हात लावला नाही, तसं लेखी दिलं, आणि ते खरंच होतं. घरी आणून सुरू केला तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. आम्ही कधी कुलूप लावलंच नव्हतं. नंतर समजलं की मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला की कित्येक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. त्याची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते. बोर्ड गेला, त्याच्यासोबत टीपीएम गेला. नवा बोर्ड म्हणजे डिस्कच्या दृष्टीने परका माणूस.

की खात्यात साठवलेली असते असं कळलं. माझं खातं उघडलं, नाही. यांचं उघडलं, नाही. मग आठवलं, लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने 'सेटअप करून देतो' म्हणून तिथेच एक ईमेल तयार करून खातं उघडलं होतं. त्या ईमेलचा पासवर्ड कुणाकडेच नव्हता, आणि तो मुलगा दुकान सोडून गेला होता. सासऱ्यांच्या शेवटच्या दोन वर्षांचे फोटो त्या डिस्कवर होते. डिस्क धडधाकट आहे, माझ्या कपाटात आहे, आणि ती उघडत नाही.

सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. चालू असेल तर ते ४८ आकडे आज कागदावर लिहा.

लॅमिंग्टनकर | बुधवार, सकाळी ९.००

निळाईताई, वाचून फार वाईट वाटलं. दुकानातल्या माणसाने ग्राहकाच्या मशीनवर स्वतः बनवलेलं खातं टाकणं ही सर्रास चाललेली चूक आहे आणि तिचा फटका कायम ग्राहकालाच बसतो. नवं मशीन घेताना खातं स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीने उघडायचं, भले दुकानात अर्धा तास जास्त जावो.

खटपट्या | बुधवार, सकाळी ९.४५

याला जोडून. बोर्ड चालू स्थितीत बदलत असाल तर बदलण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड', म्हणजे तात्पुरतं स्थगित, करा. डिस्कचं कुलूप पूर्ण काढत बसायची गरज नाही, सस्पेंड पुरतं, आणि नव्या बोर्डावर उठल्यावर परत चालू करता येतं. बंद पडलेल्या बोर्डावर ही संधीच मिळत नाही, म्हणून की आधी लिहून ठेवायची.

एएमडीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. तिथे बरेचदा टीपीएम प्रोसेसरमध्येच असतो. नुसता प्रोसेसर बदलला तरी सुरुवातीला काळ्या पडद्यावर इंग्रजीत विचारणा येते: एफटीपीएम रीसेट करू का, हो किंवा नाही. डिस्कला कुलूप असेल आणि की हाताशी नसेल तर 'नाही' दाबा, जुना प्रोसेसर परत लावा, आधी सस्पेंड करा. 'हो' दाबल्यावर मागे फिरता येत नाही.

विंडोज हॅलोचा, म्हणजे लॉगिनचा, पिनसुद्धा टीपीएमशी बांधलेला असतो. बोर्ड बदलला की पिन चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्ड मागते. तो पाठ असू द्या.

हिशेबनीस | बुधवार, दुपारी १२.२०

टॅलीबद्दल. लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी जुळवलेलं असतं. मशीन चालू असतं तर आधी लायसन्स 'सरेंडर' करायचं आणि नव्यावर सक्रिय करायचं, हा सरळ रस्ता. तुमचं मशीन बंद आहे, तेव्हा सिरीयल नंबर आणि नोंदवलेला ॲडमिनचा ईमेल शोधून ठेवा. नव्या बोर्डावर टॅली उघडली की ती परत सक्रिय करायला सांगेल, अनलॉक की त्या ईमेलवर येते. तो ईमेल जुन्या अकाउंटंटचा असेल तर आत्ताच त्यांना फोन करा. माझ्या तीन ग्राहकांचं घोडं याच ठिकाणी अडलं आहे, तेही जीएसटी विवरणाच्या आदल्या दिवशी.

डेटाचं फोल्डर वेगळं कॉपी करून ठेवा. डिस्कची नक्कल आहे म्हणून हे टाळू नका.

दूरदेशी | बुधवार, रात्री ११.३०

विषय विंडोजचा आहे, पण लिनक्सवाले कुणी वाचत असतील तर माझा अनुभव. मी जर्मनीत असतो, घरी एक छोटा सर्व्हर आहे, उबुंटू. मागच्या हिवाळ्यात इंटेलचा बोर्ड काढून एएमडी रायझनचा लावला. डिस्क तीच. ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्याने आणि डिस्कची नोंद यूयूआयडीने (तिच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने) असल्याने तो निमूट उठला. तरी नेटवर्कवर दिसेना. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, मी वरच्या मजल्यावरून पिंग करत बसलो. शेवटी मॉनिटर खाली नेला तेव्हा कळलं, नेटवर्क कार्डाचं नाव त्याच्या स्लॉटवरून ठरतं. जुन्यावर शेवटचा आकडा ३ होता, नव्यावर ४ झाला, आणि नेटप्लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगच्या, फाइलमध्ये जुनंच नाव होतं. एक आकडा बदलला, काम झालं.

दुसरी गोष्ट दोन्हीकडे लागू आहे. यूईएफआयमध्ये बूटची नोंद डिस्कवर नसते, बोर्डाच्या स्मृतीत असते. बोर्ड बदलला की ती नोंद जाते. डिस्कवर ठरावीक जागी पर्यायी बूट फाइल असते तिच्यावरून बहुतेक वेळा मशीन उठतं. नाही उठलं तर डिस्क बिघडली असं समजू नका, नोंद परत करायची असते. त्यासाठी विंडोजमध्ये बीसीडीबूट, लिनक्समध्ये एफीबूटएमजीआर ही आज्ञा.

फेडोरा लिनक्स वापरणाऱ्यांनी पहिल्यांदा 'रेस्क्यू' नोंदीने उठवावं. नेहमीचं इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचा गठ्ठा) त्या मशीनपुरतंच बनवलेलं असतं, रेस्क्यूमध्ये सगळे ड्रायव्हर असतात.

अक्षरजुळणी | शुक्रवार, संध्याकाळी ७.१५

सगळ्यांचे आभार, विशेषतः निळाईताईंचे. माझ्या डिस्कला कुलूप नव्हतं, पण घरच्या दोन्ही लॅपटॉपना होतं. दोन्हींचे आकडे वहीत लिहून घेतले.

एच६१० बोर्ड, आय३-१२१००, १६ जीबी रॅम आणि नवा एसएमपीएस घेतला. अकरा वर्षांच्या प्रोसेसरसाठी परत जुना बोर्ड घेणं मनाला पटेना. क्लोनझिलाने नक्कल करायला ४० मिनिटं लागली. मूळ डिस्क लिफाफ्यात, तारीख घालून, वडिलांच्या जुन्या खिळ्यांच्या केसमध्ये ठेवली आहे.

व्हॅलिडेट पास झालं. कन्व्हर्टने शेवटी एक ओळ दिली की रीएजंट नावाची फाइल बदलता आली नाही. बाकी सगळं यशस्वी म्हणाला. मशीन सुरू केलं, विंडोजची चार चौकटींची खूण आली, खाली ठिपके फिरले, आणि निळा पडदा. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. तीनदा तेच. लॅमिंग्टनकर दादांनी सांगितलेला तोच सेव्हन बी असावा. आता काय करू? उद्या सकाळी दोन पत्रिकांची प्रूफं द्यायची आहेत.

खटपट्या | शुक्रवार, संध्याकाळी ७.४०

ताई, घाबरू नका, मूळ डिस्क सुखरूप आहे. रीएजंटची ओळ नेहमीची, ती नंतर बघू.

माझा अंदाज असा: जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये साटा 'आयडीई' पद्धतीवर ठेवलेलं असणार. २०१४च्या आसपास विंडोज ७ टाकताना बरेच जण तसं करायचे. तुमच्या नव्या बोर्डावर डिस्क एएचसीआय पद्धतीने दिसते. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आहे, पण आजवर लागला नाही म्हणून सुरुवातीच्या यादीतून बाजूला ठेवलेला आहे. सेफ मोडमध्ये विंडोज असले सगळे मूळ ड्रायव्हर उचलते. तिला एकदा सेफ मोडमध्ये उठवलं की ती हा ड्रायव्हर कायमचा यादीत घेते.

पेनड्राइव्हवरून परत काळ्या खिडकीत जा. बीसीडीएडिट या आज्ञेने डीफॉल्ट नोंदीला 'सेफबूट मिनिमल' लावा. पेनड्राइव्ह काढून मशीन सुरू करा. उठलं, लॉगिन झालं की तिथे ॲडमिनच्या खिडकीतून ती सेफबूटची खूण काढून टाका आणि रीस्टार्ट. खूण काढायला विसरलात तर दर वेळी सेफ मोडच येईल, एवढंच.

लॅमिंग्टनकर | शुक्रवार, संध्याकाळी ७.५५

अनुमोदन. अगदी हेच कारण असणार. मी स्वतः त्या काळात कितीतरी मशीन आयडीईवर ठेवून दिली आहेत, कारण एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसायचा, आणि तीच सवय ७ टाकतानाही राहिली.

अक्षरजुळणी | शुक्रवार, रात्री १०.५०

उठलं!

सेफ मोडमध्ये चार कोपऱ्यांत ती अक्षरं आणि मध्ये काळा पडदा दिसला तेव्हा मी मोठ्याने ओरडले, आई स्वयंपाकघरातून धावत आली. खूण काढली, रीस्टार्ट केलं. 'डिव्हाइस तयार होत आहेत' असा पडदा आला, टक्के हळूहळू चढले, एकदा मशीन आपणहून बंद-चालू झालं. मग माझा तोच डेस्कटॉप, त्याच जागी तीच फोल्डरं, फक्त सगळं मोठं मोठं दिसत होतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकल्यावर पडदा नीट झाला. लॅन पहिल्याच झटक्यात चालला.

श्रीलिपीचं डोंगल (यूएसबीत लावायची लायसन्सची किल्ली) लावलं, दिवा लागला. गेल्या मार्चमधली एक पत्रिका उघडली. 'श्री गणेशाय नमः'च्या वेलांटीपर्यंत सगळं जागच्या जागी. जोडाक्षरं फुटली नाहीत, समास हलला नाही.

खटपट्या | शुक्रवार, रात्री ११.०५

ताई, फार आनंद झाला. उद्या सवडीने दोन कामं करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'लपलेली उपकरणं दाखवा' करून जुन्या बोर्डाच्या फिकट दिसणाऱ्या नोंदी काढा, आणि जुन्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढा. सह्यकडांनी म्हटलेला गाळ तो हाच, आणि तो काढायला अर्धा तास पुरतो. रीएजंटसाठी 'रीएजंटसी' ही आज्ञा एकदा 'डिसेबल' आणि एकदा 'एनेबल' करा.

ॲक्टिव्हेशनचं काय झालं?

अक्षरजुळणी | रविवार, सकाळी ११.२०

ॲक्टिव्हेशन गेलं. खाली उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' लिहून आलं. ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर बदललं आहे' असा पर्याय असतो असं वाचलं होतं, पण तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी लायसन्स आधी जोडलेलं असेल तरच उपयोगी पडतो. आमचं खातं कायम लोकलच होतं. मशीन चालू असताना पाच मिनिटांत जोडता आलं असतं, २०१६च्या ऑगस्टपासून ती सोय होती. आता नवं लायसन्स विकत घेतलं आणि या वेळी माझ्याच खात्याला जोडलं.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाच होता. म्हणून नव्या डिस्कची आणखी एक नक्कल करून, 'फाइली आणि प्रोग्रॅम ठेवा' हा पर्याय निवडून वरच्या वर विंडोज ११ केली. सिक्युअर बूट आणि टीपीएम बायोसमधून चालू करावं लागलं. पेजमेकर, कोरल, श्रीलिपी तिघंही तिथेही चाललं. लगेच एन्क्रिप्शन तपासलं, बंद आहे.

टॅलीचा ईमेल सुदैवाने वडिलांचा निघाला. पासवर्ड त्यांच्या डायरीत होता.

सह्यकडा | रविवार, दुपारी १२.००

ताई, मी फॉरमॅट सुचवलं होतं, तुमच्या कामाचा विचार न करता. तुम्ही केलंत तेच योग्य होतं. एक विचारतो, प्रिंटर नीट चालले का? माझ्या ऑफिसात बोर्ड बदलल्यावर तिथेच अडलं होतं.

अक्षरजुळणी | रविवार, दुपारी १२.४०

बरं झालं विचारलंत. तिथे शनिवारची सकाळ गेली. प्रूफ काढायला गेले तर प्रिंटर 'ऑफलाइन'. यादीत पाहिलं तर तोच प्रिंटर दोनदा, दुसऱ्यापुढे 'कॉपी १'. नव्या बोर्डाचा यूएसबी पोर्ट वेगळा, म्हणून विंडोजने त्याला नवा प्रिंटर समजून दुसरी नोंद केली. माझ्या सगळ्या पेजमेकर फाइली मात्र जुन्या नावाशी जोडलेल्या, समासांसकट. 'कॉपी १' वापरला की कागदाची सेटिंग मूळपदावर जायची आणि पत्रिकेची कड चार मिलिमीटर कापली जायची.

नवी नोंद वापरायची नाही, जुनीच्या प्रॉपर्टीजमध्ये जायचं, 'पोर्ट्स' उघडायचं आणि 'कॉपी १' ज्या आभासी यूएसबी पोर्टवर आहे त्यावर जुनीला टिचकी मारायची. नंतर 'कॉपी १' काढून टाकायची. रंगीत आणि काळा, दोन्ही प्रिंटरना तेच केलं. प्रूफं साडेअकराला दिली, दोन्ही पत्रिका आज छापायला गेल्या.